संत गोन्सालो गार्सियाची गोष्ट मुलांना कशी सांगायची, वसई किल्ल्यात चालत चालत

जानेवारी संपत आला की धर्मशिक्षणाच्या वर्गाला शिकवणारे आम्ही सगळे एकमेकांना विचारतो, यंदा गोन्सालोचं काय करायचं? आणि बहुतेक वेळा काय होतं, तर एक चित्र, एक क्रूस, "वसईचे सुपुत्र, जपानमध्ये रक्तसाक्षी (म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेले), १८६२ साली संतपद" एवढं फळ्यावर लिहायचं, मुलांकडून पाठ करून घ्यायचं आणि पुढच्या रविवारी दुसरा धडा. मीही पहिली काही वर्षं हेच केलं. मग एकदा चौथीतल्या एका मुलाने विचारलं, "टीचर, पण ते जपानला गेलेच कशाला?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी वाचायला लागले, आणि वर्गात सांगणं बंद करून मुलांना सरळ किल्ल्यात न्यायला लागले. ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी सगळं लिहून काढतेय. आईवडिलांना आपल्या दोन मुलांना घेऊन करायचं असेल तरी हेच चालेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. गोष्ट क्रुसापासून सुरू करू नका, भाषेपासून सुरू करा. गोन्सालो दुभाषी होता. त्याच्या आयुष्यातलं सगळं चांगलं आणि सगळं वाईट त्या जपानी भाषेमुळे घडलं. क्रूस शेवटच्या दिवशी आला, त्याच्या आधी चाळीस वर्षं आहेत आणि मुलांना त्या चाळीस वर्षांतलाच माणूस कळतो. मी एका वर्षी क्रुसापासून सुरू केलं होतं तर एक छोटी मुलगी घाबरून रडायला लागली आणि नंतरचं काही तिने ऐकलंच नाही, ती चूक माझी होती.

आणि हो, मी त्याला मुद्दाम "तो" म्हणते. आपण देवाशी बोलतानाही अरे-तुरे करतो ना, मग आपल्याच गावच्या पोराला "आपण, आपले" कशाला. फादरांच्या प्रवचनात "संत गोन्सालो गार्सिया यांचे" ठीक आहे, पण मुलांच्या गोष्टीत तो आपला गोन्सालोच.

आधी स्वतः काय पक्कं करून जायचं

मुलं कुठूनही प्रश्न टाकतात म्हणून एवढं डोक्यात असू द्या. जन्म साधारण १५५७, वसईत. पोर्तुगीजांना वसई मिळाली १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाकडून, म्हणजे गोन्सालो जन्मला तेव्हा त्यांना इथे येऊन बावीस-तेवीस वर्षंच झालेली. वडील पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच. लहानपण गेलं येशूसंघाच्या म्हणजे जेज्वीट फादरांच्या शाळेत, फादर सेबास्तियन गोन्सालविस यांच्या हाताखाली. साधारण १५७२ मध्ये, पंधराएक वर्षांचा असताना, फादरांबरोबर जहाजाने जपानला. तिथे आठ वर्षं धर्मशिक्षण द्यायचं, बोलायचं, भाषांतर करायचं काम. त्याला येशूसंघात ब्रदर व्हायचं होतं, पण घेतलं नाही. मग संघ सोडला, व्यापार सुरू केला, तो चांगला चालला, आणि तोही सोडून मनिलाला गेला आणि तिथे फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात ब्रदर झाला. पुढे मनिलाहून स्पॅनिश गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्तिस्तांना दूत म्हणून जपानला पाठवलं तेव्हा दुभाषी म्हणून परत जपान, १५९३ साली तिथला सत्ताधारी हिदेयोशी याच्यासमोर हजर. १५९६ डिसेंबरात अटक, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर मारलं त्यात तो. १६२७ मध्ये धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी), ८ जून १८६२ ला पोप नववे पायस यांनी संत म्हणून जाहीर केलं.

आता यात नेहमी होणाऱ्या चुका, कारण व्हॉट्सअॅपवर जे फॉरवर्ड फिरतं त्यात या हमखास असतात. तो फादर नव्हता, शेवटपर्यंत ब्रदरच होता, त्याने कधी मिस्सा अर्पण केला नाही. हिदेयोशी "सम्राट" नव्हता आणि "शोगुन" पण नव्हता, सम्राट वेगळा होता, हिदेयोशी म्हणजे सगळी सत्ता हातात असलेला सरदार, त्याला तायको म्हणायचे. आपल्याकडे सातारला छत्रपती आणि पुण्यात पेशवा असं सांगितलं की मुलांना पटकन समजतं. आणि खिळे ठोकले असं सांगू नका, जपानी पद्धतीत माणसाला दोरांनी आणि लोखंडी कड्यांनी क्रुसाला बांधायचे आणि दोन्ही बाजूंनी भाले मारायचे. म्हणून चित्रात भाले दिसतात, मुलं विचारतातच की भाले का.

कधी, कसं

वसई रोड स्टेशनला पश्चिमेला उतरून किल्ल्याकडे बस मिळते, नाहीतर रिक्षा. सकाळी सातच्या आत किल्ल्यात असलात तर उत्तम, कारण नऊनंतर ऊन चढतं आणि सुट्टीच्या दिवशी लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांची इतकी गर्दी होते की मुलांना बसवायला शांत जागा उरत नाही. जानेवारी-फेब्रुवारीच बरा. पावसात गवत कमरेएवढं वाढतं, चिखल असतो, साप निघतात, लहान मुलांना घेऊन जाऊ नका. पाणी आणि खाऊ घरून न्या. मी सुकेळी (वाळवलेली केळी) नेते, आगाशीकडची, एकेका मुलाला अर्धं-अर्धं. का ते पुढे सांगते. बाथरूमचं घरूनच उरकून निघा. दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवंच, विहिरी आहेत, पडक्या भिंती आहेत, आणि सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यातला गोल जिना अरुंद आणि अंधारा आहे, तिथे दहा वर्षांखालच्यांना मी चढू देत नाही, कितीही हट्ट केला तरी.

किल्ला पुरातत्व खात्याचा आहे, स्पीकर-माइक नको, भिंतीवर खडूने काही लिहायचं नाही, काही चिकटवायचं नाही. आणि हा किल्ला एकट्या आपला नाही हे मुलांना आत शिरतानाच सांगा. इथे नागेश्वराचं देऊळ आहे, चिमाजी अप्पांचं स्मारक आहे, १७३९ मध्ये मराठ्यांनी मोठी लढाई करून हा किल्ला घेतला. त्या लढाईत जिंकलेलेही आपलेच आणि इथे राहिलेले आपले ख्रिस्ती पूर्वजही आपलेच. स्मारकापाशी मी सगळ्यांना दोन मिनिटं थांबवते, नमस्कार करायला लावते आणि मगच पुढे.

पहिला थांबा: जेज्वीटांचं चर्च

येशूच्या पवित्र नावाचं चर्च, ज्याला आता सगळे गोन्सालो गार्सिया चर्चच म्हणतात. समोरची खांबांची उंच भिंत लांबूनच ओळखू येते. मुलांना आत नेऊन खाली बसवा आणि पहिल्यांदा काहीच बोलू नका, वर बघू द्या, कबुतरं मोजू द्या. मग विचारा, तुमच्या घरी किती भाषा बोलतात?

ही युक्ती कधी फसत नाही. आमच्या मुलांत कुणी घरी सामवेदी बोलतं, कुणी वाडवळी, शाळेत इंग्रजी, मित्रांशी हिंदी, मिस्सा मराठीत, एखाद्याची आजी कोंकणी. बोटं मोजता मोजता स्वतःच चकित होतात की आपल्याला चार भाषा येतात. मग सांगा, गोन्सालोचंही असंच होतं. घरात आईची बोली, वडलांची पोर्तुगीज, शाळेत लॅटिन प्रार्थना, बंदरावर आणखी दहा प्रकारचे लोक. ज्या मुलाला लहानपणापासून एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उड्या मारायची सवय आहे त्याला पाचवी भाषा अवघड जात नाही. जहाजावर जपानी प्रवासी होते, त्यांच्याकडून तो वाटेतच जपानी शिकायला लागला असं सांगतात. इथे मुलांचे डोळे चमकतात, कारण हे त्यांना जमण्यासारखं वाटतं. रक्तसाक्षी होणं जमण्यासारखं वाटत नाही, भाषा शिकणं वाटतं.

दुसरा थांबा: सागरी दरवाजा, किल्लाबंदरचा धक्का

इथून चालत सागरी दरवाज्यातून बाहेर धक्क्यावर. होड्या लागलेल्या असतात, मासळी वाळत असते, कोळी बांधवांच्या कामाच्या मधे मुलं येणार नाहीत एवढं बघा. इथे मी खिशातून सुतळी काढते. एक मूल वसई, ते धक्क्यावर उभं. दुसरं गोवा, चार पावलांवर. मग मलाक्का, मग मकाव, मग जपान. सुतळी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात. वारा पकडून जायचं, वारा फिरला की बंदरात महिनोन्महिने थांबायचं, हे सांगताना समुद्राकडे बोट दाखवा, फळ्यावर बाण काढण्यात ती मजा नाही.

आणि इथेच सुकेळी वाटायची. तेव्हा जहाजावर टिकाऊ खाणंच चालायचं हे मुलांना तोंडात घास असताना सांगितलं की लक्षात राहतं. गोन्सालोने सुकेळी नेली होती असं मात्र सांगू नका, खोटं कशाला सांगायचं, एवढंच म्हणा की असं काहीतरी वाळवलेलं.

मग सुतळीचं जपानचं टोक धरलेल्या मुलाला सांगा, आता तुला इथे आठ वर्षं काम करायचंय, आणि आठ वर्षांनी ज्यांच्यासाठी काम केलंस ते म्हणणार, तुला आमच्यात घेणार नाही. हा भाग वगळू नका. बरेच जण वगळतात, कारण चर्चच्याच माणसांनी नाकारलं हे सांगायला जड जातं. पण माझ्या अनुभवात मुलं सगळ्यात जास्त इथे गप्प होतात. क्रिकेटच्या टीममध्ये घेतलं नाही, डान्समध्ये मागच्या रांगेत टाकलं, हे प्रत्येकाला माहीत असतं. त्या काळी इकडे जन्मलेल्यांना येशूसंघात सहसा घेतच नसत, आणि त्याची आई इथली होती, मूळ कारण तेच असावं असं माझं मत आहे. मग त्याने काय केलं? रुसून बसला नाही, दुकान टाकलं, धंदा वाढवला, पैसा कमावला, आणि ज्या गोष्टीची ओढ होती ती पैशाने भागली नाही म्हणून सगळं सोडून मनिलाला गेला, दुसऱ्या संघाचं दार वाजवलं. सुतळीचं टोक जपानवरून उचलून फिलिपाईन्सला न्या आणि परत जपानला. तो त्रिकोण मुलांनी पायाने चालला की विसरत नाहीत.

तिसरा थांबा: झाडाखाली दुभाषी

धक्क्यावरून परत आत या, मोठं झाड बघून बसा. तीन मुलं पुढे. एक हिदेयोशी, त्याने फक्त सामवेदी बोलायचं (येत नसेल तर हिंदी). एक पेद्रो बाप्तिस्ता, त्याने फक्त इंग्रजी. मधे गोन्सालो. नियम एकच, मधल्याने स्वतःचं काही घालायचं नाही आणि काही गाळायचं नाही.

गेल्या खेपेला मधे एक सहावीतली मुलगी होती. हिदेयोशी झालेला मुलगा जोरात म्हणाला, तुमचा राजा माझ्यापुढे वाकला नाही तर मी तुमच्या गावावर सैन्य आणीन. मुलगी पेद्रोकडे वळली, तोंड उघडलं, थांबली, आणि मग हळूच इंग्रजीत म्हणाली, राजेसाहेब म्हणतात की मैत्री करू या. सगळे ओरडले, चीटिंग चीटिंग! मी तिला विचारलं, का बदललंस? ती म्हणाली, "टीचर, भांडण झालं असतं ना."

बस, दुभाषाचं काम किती अवघड असतं ते मला वेगळं शिकवावं लागलं नाही. खरोखरच हिदेयोशीने तेव्हा फिलिपाईन्सच्या स्पॅनिश लोकांनी आपलं वर्चस्व मान्य करावं असा हट्ट धरला होता, आणि त्याच्या समोर उभं राहून दोन्हीकडचं बोलणं पोचवणारा वसईचा हा ब्रदर. त्या भेटीनंतर फ्रान्सिस्कनांना क्योतोला राहायची परवानगी मिळाली, तिथे त्यांनी मठ बांधला, कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने काढले. दवाखान्यांचा भाग जरा सावकाश सांगा. ज्यांना कुणी हात लावत नव्हतं त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारा माणूस तिथे होता, हे साधं वाटतं पण विचार करा आजारी माणसाला त्याचं काय वाटत असेल.

कठीण भाग

लहान मुलांना (पहिली ते चौथी) मी एवढंच सांगते की राजा रागावला, त्यांना पकडलं, त्यांनी येशूला सोडायला नकार दिला म्हणून त्यांना मारलं. मोठ्यांना सगळं. १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोला निघालेलं सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज वादळात जपानच्या किनाऱ्याला लागलं, त्यातला माल जप्त झाला, आणि जहाजावरच्या एका अधिकाऱ्याने फुशारकी मारली की आमचा राजा आधी पाद्री पाठवतो मग सैन्य, असं सांगितलं जातं. तो नेमकं काय बोलला यावर वाद आहेत, पण हिदेयोशीला संशय आला तो वेडेपणाचा नव्हता हेही मुलांना सांगा, त्यांच्या आजूबाजूला हा पोर्तुगीज किल्लाच उभा आहे, पाद्री आणि तोफा एका जहाजातून कशा यायच्या ते इथे दगडात दिसतंय. गोन्सालोने कुणाची जमीन घेतली नाही, तो मात्र त्या दोन्हींच्या मधे सापडला.

जानेवारी १५९७ मध्ये क्योतोत त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, गाडीतून धिंड काढली, आणि मग नागासाकीपर्यंत जवळजवळ ८०० किलोमीटर नेलं, भर थंडीत, महिनाभर, बराचसा रस्ता पायी. ८०० म्हणजे किती? वसईहून नागपूरला चालत. निघाले तेव्हा २४ होते, वाटेत त्यांची सेवा करत चालणारे दोघे, त्यांनाही पकडून घातलं, म्हणून २६. नागासाकीच का, तर तिथे ख्रिस्ती वस्ती सगळ्यात जास्त होती, त्यांनी बघावं म्हणून. २६ पैकी २० जपानी होते. संघाप्रमाणे मोजलं तर त्याच २६ मध्ये ६ फ्रान्सिस्कन, ३ येशूसंघाचे आणि बाकी १७ साधे प्रापंचिक लोक, आणि त्यात मुलं, लुईस इबाराकी बारा वर्षांचा, अँथनी तेरा, थॉमस कोझाकी चौदा. तुमच्या गटात बारा वर्षांचं कुणी असेल तर ते आपोआप सरळ बसतं.

टेकडीवर पोचल्यावर गोन्सालो पुढे होऊन एका क्रुसापाशी गेला आणि विचारलं, हा माझा का? नाही म्हणाले, तुझा तिकडे. मग तो दुसऱ्यापाशी गेला आणि गुडघ्यावर बसून त्याला मिठी मारली, अशी कथा चालत आली आहे. मी ती सांगते आणि थांबते. त्यानंतर लगेच प्रार्थना वगैरे घेत नाही, मुलांना थोडा वेळ तसंच बसू देते.

मुलं विचारतील ते

"तो पोर्तुगीज का आपला?" दोन्ही. जगातल्या बऱ्याच याद्यांमध्ये त्याच्यापुढे पोर्तुगीज लिहिलेलं असतं, आणि संत अल्फोन्सा २००८ मध्ये संत झाल्या तेव्हा सगळीकडे "पहिल्या भारतीय संत" छापून आलं, मला त्याचं फार वाईट वाटलं होतं. अल्फोन्सा पहिल्या भारतीय स्त्री संत, हे बरोबर आहे. पण वसईत जन्मलेला, वसईच्या बाईच्या पोटचा गोन्सालो १८६२ मध्येच संत झालेला आहे, हे आपण नाही सांगणार तर कोण?

"सण ५ ला की ६ ला?" मृत्यू ५ फेब्रुवारीचा, पण त्या दिवशी आधीपासून संत अगाथाचा सण आहे म्हणून जगाच्या कॅलेंडरमध्ये ६ फेब्रुवारीला पॉल मिकी (या २६ जणांपैकीच एक) आणि सोबती. या सोबत्यांमध्येच आपला गोन्सालो, तिथे त्याचं नाव वेगळं दिसत नाही, मुलांना कॅलेंडर उघडून दाखवा. वसईत सणाचा कार्यक्रम कधी आहे ते आपल्या धर्मग्रामात विचारून घ्या.

"मग जपानमधल्या ख्रिस्ती लोकांचं काय झालं?" १६१४ मध्ये पूर्ण बंदी आली, आणि तरी काही कुटुंबांनी फादर नसताना, चर्च नसताना, अडीचशे वर्षं लपून श्रद्धा जपली. १८६२ मध्ये हे २६ जण संत झाल्यावर त्यांच्याच नावाने नागासाकीत ओउरा चर्च बांधलं, आणि १७ मार्च १८६५ ला तिथे काही गावकरी आले आणि फादर पेतिजाँ यांना हळूच म्हणाले की आमचं आणि तुमचं हृदय एकच आहे. मोठ्या मुलांना हे सांगाच, मला स्वतःला हा सगळ्या गोष्टीतला सगळ्यात सुंदर तुकडा वाटतो.

घरी जाताना जमलं तर गासला त्याच्या नावाचं चर्च आहे, तिथे पाच मिनिटं थांबा.

आणि तुमच्यापैकी कुणी नोकरीनिमित्त जपानला असेल (आता आपली बरीच पोरं तिकडे आहेत) तर नागासाकीला नक्की जा. निशिझाका टेकडी नागासाकी स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे, थोडा चढ. १९६२ मध्ये उभारलेलं स्मारक आहे, शिल्पकार फुनाकोशी यासुताके, ब्राँझच्या २६ मूर्ती एका लांब भिंतीवर ओळीने, मागे म्युझियम. पोप जॉन पॉल दुसरे १९८१ मध्ये आणि पोप फ्रान्सिस २०१९ मध्ये तिथे येऊन गेले. नीट बघाल तर मूर्तींचे पाय जमिनीवर टेकलेले नाहीत, खाली लोंबतायत, जसे वर उचलले जातायत. ओळीतला आपला कोणता ते म्युझियममध्ये विचारा, आणि त्याच्यासमोर उभं राहून एक आमच्या स्वर्गातील बापा म्हणा, मराठीत किंवा घरच्या बोलीत, मोठ्याने. फोटो काढलात तर मला पाठवा, पुढच्या जानेवारीत मुलांना दाखवीन.